सूक्ष्मजीव परिसंस्थाशास्त्रात पीएचडी करायची आहे? आधी एक डेटासेट उघडा

एमएस्सीचं शेवटचं सत्र सुरू झालं की मला फोन येऊ लागतात. कुणी लातूरहून, कुणी बारामतीहून, कुणी नांदेडहून. प्रश्न बहुतेक एकच असतो: "ताई, नेट नाही निघाली तर पीएचडीचं काय?" मी उलट विचारते, "तुला शोधायचं काय आहे?" मग फोनवर थोडा वेळ कुणीच बोलत नाही. एमएस्सी झाली तेव्हा माझ्याकडेही या प्रश्नाला उत्तर नव्हतं, त्यामुळे ती शांतता मला चांगली कळते.

परीक्षा, फेलोशिप, परदेश हे सगळं या लेखात आहेच. पण माझा आग्रह एका गोष्टीचा आहे. जागा शोधायला लागण्याआधी दुसऱ्या कुणाचा तरी खुला डेटा उतरवून घ्या आणि त्यावर पहिल्या पायरीपासून शेवटच्या आलेखापर्यंत एक विश्लेषण स्वतःच्या हातानं पूर्ण करा. गाईडला लिहायचं पत्र, मुलाखत आणि विषयाची निवड या तिन्हींना त्याचा आधार मिळतो.

आधी हे क्षेत्र समजून घ्या

जून 2020 मध्ये लोणार सरोवराचं पाणी गुलाबी झालं होतं, ते तुम्हाला आठवत असेल. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं नमुने तपासले आणि हा रंग हॅलोआर्किया या खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांचा असल्याचं सांगितलं. पाणी आटलं, खारेपणा वाढला आणि हे जीव फोफावले. सूक्ष्मजीव परिसंस्थाशास्त्राचे मुख्य प्रश्न या एका घटनेत सापडतात: इथे कोण राहतं, ते काय करतं, आणि भोवतालची परिस्थिती बदलली की कोण पुढे येतं आणि कोण मागे पडतं?

आता आपल्या कॉलेजच्या प्रॅक्टिकलची पद्धत आठवा. पाणी विरल करायचं, न्यूट्रियंट अगारच्या प्लेटवर पसरायचं, दुसऱ्या दिवशी वसाहती मोजायच्या. त्या अगारचा सामू (पीएच) सातच्या आसपास असतो आणि लोणारच्या पाण्याचा दहाच्या जवळपास. म्हणजे प्लेटवर जे उगवलं ते लोणारचं खरं चित्र नसतं. जे प्लेटवर उगवत नाहीत त्यांना ओळखायचं कसं, या प्रश्नाचं उत्तर 16एस आरआरएनए या जनुकात मिळालं. हे साधारण 1500 अक्षरांचं जनुक सगळ्या जिवाणूंत आणि आर्कियांत असतं आणि जातीनुसार थोडं थोडं बदलतं. याच रेणूची तुलना करून कार्ल वूज यांनी 1977 मध्ये आर्किया हा वेगळाच गट असल्याचं दाखवलं. आज आपण गाळातून किंवा मातीतून थेट डीएनए काढतो. मग एकतर फक्त हे जनुक वाचतो, नाहीतर सगळाच डीएनए वाचतो. या दुसऱ्या प्रकाराला मेटाजिनोम म्हणतात. दोन्ही वेळा हातात लाखो-कोट्यवधी तुकडे येतात आणि तिथून पुढे बायोइन्फर्मेटिक्सशिवाय काम होत नाही.

नुसती नावं ओळखणं पुरेसं नसतं, हेही लोणारच शिकवतं. 2010 मध्ये आयएसएमई जर्नलमध्ये या सरोवराच्या गाळावर पुण्यातल्या आणि ब्रिटनमधल्या संशोधकांचा एक लेख आला. त्यांनी गाळाला मिथेन, मिथेनॉल आणि मिथिलअमाइन दिलं. त्यातला कार्बन नेहमीपेक्षा जड होता. मग तो जड कार्बन कोणाच्या डीएनएत उतरतो ते पाहिलं. ज्यांच्या डीएनएत तो सापडला, त्यांनी ते खाल्लं. ही रीत मला फार सुंदर वाटते. हा लेख मिळवून वाचा. एका वाचनात समजणार नाही, दोन-तीनदा वाचा.

तुम्ही कुठल्या बाजूनं येताय?

मायक्रोबायोलॉजीची मुलं संगणकाला बिचकतात आणि संगणक किंवा संख्याशास्त्राची मुलं जीवशास्त्राला. दोघांनाही या क्षेत्रात जागा आहे. पीएचडीला लॅबमधलं काम करणार, फक्त संगणकावरचं की दोन्ही, हे आजच ठरवायची गरज नाही. पण जी बाजू कच्ची आहे ती प्रवेशाआधी निदान ओळखीची व्हायला हवी. कृषी महाविद्यालयातून आलेल्यांनी स्वतःला कमी समजू नये. मुळांभोवतीच्या मातीवर होणाऱ्या संशोधनात पिकाची जाण असलेल्या माणसाची उणीव कायम भासते.

डेटा उघडा

या टप्प्यावर मी जास्त थांबणार आहे, कारण इथेच बहुतेकांची गाडी अडते.

साधा लॅपटॉप चालेल. विंडोज असेल तर त्यावर डब्ल्यूएसएल टाकून लिनक्स सुरू करा. पहिला आठवडा फक्त टर्मिनलला द्या: फोल्डर बदलणं, फाइल बघणं, ओळी मोजणं, शब्द शोधणं. मग आर ही संगणकाची भाषा आणि त्यातलं 16एसचा डेटा तपासणारं डाडा2 हे पॅकेज घ्या. त्याच्या शिकवणीत उंदरांच्या विष्ठेचे 19 नमुने आणि माहीत असलेल्या जिवाणूंच्या मिश्रणाचा एक नमुना सरावाला दिलेले असतात आणि ते साध्या यंत्रावरही निवांत चालतात.

पहिल्यांदा फास्टक्यू फाइल, म्हणजे सिक्वेन्सिंग यंत्रानं वाचलेला डीएनए साठवलेली फाइल, उघडाल तेव्हा घाबरू नका. एका रीडच्या, म्हणजे वाचलेल्या एका तुकड्याच्या, चार ओळी असतात. पहिली @ या चिन्हानं सुरू होते आणि त्यात रीडचं नाव असतं. दुसरीत ए, सी, जी, टी ही अक्षरं, तिसरीत अधिकचं चिन्ह. चौथीत निरर्थक वाटणारी चिन्हं दिसतात, पण सगळ्यात महत्त्वाची ओळ तीच. यंत्राला प्रत्येक अक्षराची किती खात्री होती, ते त्या चिन्हांत साठवलेलं असतं. रीडच्या शेवटाकडे ही खात्री घसरत जाते, म्हणून रीड्स कापतात. डीएनएचा प्रत्येक तुकडा दोन्ही टोकांकडून वाचलेला असतो. त्या शिकवणीत सुलटी रीड 240 अक्षरांवर कापली आहे आणि दुसऱ्या टोकाकडून वाचलेली उलटी रीड 160 वर. आता स्वतः गुणवत्तेचा आलेख काढा आणि 160 च का, याचं उत्तर शोधा. आणखी आखूड कापली तर दोन्ही रीड्स जोडताना काय होईल? लांब ठेवली तर? हे दोन आकडे बदलून पुन्हा चालवा आणि निकाल शेजारी शेजारी ठेवा. नुसत्या आज्ञा चिकटवणाऱ्याला आणि हे करून पाहिलेल्याला मुलाखतीत वेगळं ओळखायला दोन मिनिटंही लागत नाहीत.

पुढच्या पायऱ्या अशा: यंत्राच्या चुकांचं प्रारूप (मॉडेल) तयार करणं, दोन्ही रीड्स जोडणं, कायमेरा म्हणजे दोन जीवांच्या तुकड्यांची चुकून झालेली जोडगोळी काढून टाकणं आणि 16एससारख्या जनुकांच्या सिल्व्हा या डेटाबेसशी ताडून नावं देणं. मग फायलोसेक आणि व्हेगन ही पॅकेजं वापरून नमुन्यांची तुलना. यातलं एक सूत्र पहिल्या दिवसापासून ध्यानात ठेवा: सिक्वेन्सिंगमधून जीवांची खरी संख्या मिळत नाही, फक्त वाटा कळतो. एकाचा वाटा वाढलेला दिसला तर तो खरंच वाढला असेल, किंवा बाकीचे घटले असतील. हा फरक न कळल्यामुळे छापून आलेले निष्कर्षही गडबडलेले आहेत.

सराव झाला की आपल्या जवळचा विषय घ्या. अमेरिकेच्या एनसीबीआय या केंद्राच्या एसआरए संग्रहात आणि युरोपच्या एमग्निफायवर जगभरचा डेटा मोफत आहे. भातखाचर, खारफुटी, उसाच्या मुळांजवळची माती, गरम पाण्याचे झरे, जे तुम्हाला जवळचं वाटेल ते शोधा. सुरुवातीला 16एसचाच डेटा निवडा. मेटाजिनोमचे तुकडे जोडून अख्खे जिनोम उभे करायला मोठी स्मृती असलेला सर्व्हर लागतो आणि घरचा लॅपटॉप तिथे दमतो. त्या कामाला प्रवेशानंतर संस्थेचा सर्व्हर मिळेल. पुण्याच्या आयसरमध्ये तर परम ब्रह्म हा महासंगणकच आहे.

कॉलेज सांभाळून रोज दीड तास दिला, तर एवढं सगळं व्हायला चार ते सहा महिने पुरतात. केलेलं सगळं गिटहब या कोड ठेवायच्या संकेतस्थळावर नीट टिपणांसह ठेवा.

परीक्षांची दारं

भारतात फेलोशिपसह पीएचडीचं सगळ्यात मोठं दार म्हणजे सीएसआयआर-यूजीसी नेट, जीवविज्ञान. पेपर तीन तासांचा, 200 गुणांचा. अ भागात 20 पैकी 15 प्रश्न, ब भागात 50 पैकी 35 आणि क भागात 75 पैकी 25 सोडवायचे. क भागातला प्रत्येक प्रश्न 4 गुणांचा असतो आणि चुकीच्या उत्तराला गुण कापतात. अभ्यासक्रम अवाढव्य आहे, पण सगळं कुणीच करत नाही. परिसंस्था, उत्क्रांती, रेणवीय जीवशास्त्र आणि पद्धती हे भाग आपल्या क्षेत्रात आयुष्यभर लागणार आहेत, ते पक्के करा. अ भागातली गणितं सोडून देऊ नका. तिथले 30 गुण अनेकांना तारतात.

जैवतंत्रज्ञान विभागाची बीईटी आणि अभियांत्रिकीवाल्यांना ओळखीची गेट हीही दारं आहेत. बंगळुरूच्या एनसीबीएससारख्या संस्था स्वतःच्या चाळणीनं मुलं घेतात. विद्यापीठांची पीएचडी प्रवेशासाठी वेगळी पेट परीक्षा असते. सीएसआयआरच्या प्रयोगशाळांत पीएचडी अकॅसिर या संस्थेमार्फत होते आणि तिथे वर्षातून दोनदा, जानेवारी आणि ऑगस्टच्या सत्रांसाठी, प्रवेश असतात.

पैशाचंही स्पष्ट बोलू. जानेवारी 2023 पासून जेआरएफला, म्हणजे कनिष्ठ संशोधन फेलोला, दरमहा 37,000 रुपये आणि पुढे एसआरएफला, म्हणजे वरिष्ठ फेलोला, 42,000 रुपये मिळतात, शिवाय घरभाडे भत्ता. महाराष्ट्रातल्या मुलांसाठी बार्टी, सारथी, महाज्योती आणि टीआरटीआय या राज्य शासनाच्या संस्थांच्या फेलोशिप आहेत. त्या त्या प्रवर्गातल्या मुलामुलींनी जाहिरातीकडे डोळा ठेवावा आणि जातवैधतेचे कागद आधीच तयार ठेवावेत. जाहिरात निघाल्यावर कागद गोळा करायला धावलेली आणि मुदत हुकलेली हुशार मुलं मी पाहिली आहेत. मनाला फार लागतं ते.

यूजीसीच्या 2022 च्या नियमांनुसार पीएचडी किमान तीन वर्षांची असते. चार वर्षांची पदवी 75 टक्के गुणांनी पूर्ण केलेल्यालाही पात्रता मिळते. प्रबंधाआधी शोधनिबंध छापून आलाच पाहिजे ही सक्ती यूजीसीनं काढली, पण अनेक संस्थांनी आपापल्या अटी कायम ठेवल्या आहेत. म्हणून प्रवेश घेण्याआधी विचारून घ्या.

आणि नेट निघालीच नाही तर? प्रकल्पावर लागा. संस्था प्रोजेक्ट असोसिएटच्या जागा वर्षभर काढत असतात. मी स्वतः दीड वर्ष असं काम केलं. डीएनए काढणं, सिक्वेन्सिंगसाठी त्याची लायब्ररी तयार करणं, फ्रीझरची यादी ठेवणं हे सगळं तिथेच शिकले आणि त्या काळात परीक्षाही निघाली. याला कुणी मागचं दार म्हणत असेल तर म्हणू दे.

आपल्या आसपास कुठे

पुणे या विषयासाठी भाग्यवान आहे. राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राचं सूक्ष्मजीव संसाधन केंद्र म्हणजे एनसीएमआर इथे आहे. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, म्हणजे एनसीएलमध्ये, औद्योगिक सूक्ष्मजीवांचा एनसीआयएम हा जुना संग्रह आहे. आघारकर संस्थेत मिथेन खाणाऱ्या जिवाणूंवर काम झालं आहे आणि भातखाचरातून आलेली मिथायलोक्युक्युमिस ओरायझी ही नवी प्रजाती तिथलीच. शिवाय आयसर आहे आणि विद्यापीठाचं बायोइन्फर्मेटिक्स केंद्र आहे. नागपुरात नीरी ही पर्यावरण संशोधनाची संस्था आहे. सांडपाणी, दूषित माती, घनकचरा हे ज्यांना महत्त्वाचं वाटतं त्यांनी तिकडे बघावं.

गोव्यात दोन संस्था आहेत आणि दोन्ही मला फार आवडतात. दोनापावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था 1966 पासून काम करते आहे. अरबी समुद्रात काही खोलीवर प्राणवायू जवळजवळ संपतो आणि तिथले जिवाणू श्वासासाठी नायट्रेट वापरतात. त्याचा परिणाम थेट हवामानापर्यंत पोहोचतो. इतका मोठा प्रश्न आपल्या किनाऱ्यासमोर आहे. दुसरी संस्था वास्कोची, ध्रुवीय आणि सागरी संशोधन केंद्र. अंटार्क्टिकातली मैत्री आणि भारती ही स्थानकं आणि आर्क्टिकमधलं हिमाद्री यांचं काम इथून चालतं. बर्फातले सूक्ष्मजीव शोधायचे असतील तर वास्कोला चौकशी करा.

महाराष्ट्र-गोव्याबाहेर चंदीगडची सूक्ष्मजीव तंत्रज्ञानाची संस्था, इमटेक, आणि उत्तर प्रदेशातल्या मऊ या गावची कृषी सूक्ष्मजीवांची संस्था, एनबीएआयएम, याही पाहाव्यात.

परदेशात जायचं असेल तर

जर्मनीत पीएचडी बहुधा नोकरीच्या करारानं होते, पगार मिळतो आणि शिकवणी शुल्क नसल्यात जमा असतं. ब्रेमेनच्या मॅक्स प्लँक सागरी सूक्ष्मजीवशास्त्र संस्थेचा मारमिक कार्यक्रम या विषयाच्या केंद्रस्थानी आहे. वर सांगितलेला सिल्व्हा डेटाबेसही ब्रेमेनमध्येच उभा राहिला. मारबुर्गची भूस्थित सूक्ष्मजीवशास्त्राची मॅक्स प्लँक संस्था, व्हिएन्ना विद्यापीठ, नेदरलँड्समधलं वाखेनिंगन ही आणखी काही नावं. युरोपच्या मारी क्युरी डॉक्टरल नेटवर्कमध्ये पगार चांगला असतो, पण एक अट नीट वाचा: ज्या देशात जागा आहे तिथे आधीच्या 36 महिन्यांत तुम्ही 12 महिन्यांहून अधिक राहिलेले नसावेत. भारतातून थेट जाणाऱ्याला ही अट अडवत नाही, उलट उपयोगीच पडते. जाहिराती युराॲक्सेस या संकेतस्थळावर मिळतात.

अमेरिकेत पाच-सहा वर्षं लागतात. सुरुवातीला कोर्सवर्क असतं आणि अनेक ठिकाणी दोन-तीन लॅबमध्ये काही आठवडे काम करून मग गाईड निवडता येतो. अर्ज साधारण डिसेंबरमध्ये बंद होतात, त्यामुळे तयारी उन्हाळ्यातच सुरू करा. विद्यापीठाकडून ट्रान्सक्रिप्ट निघायला लागणारा वेळ गृहीत धरा. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, ती पीएचडीलाही मिळते.

एक इशारा. भारतातली माती, पाणी किंवा त्यातले जीव परदेशी लॅबमध्ये न्यायचे असतील तर 2002 चा जैवविविधता कायदा लागू होतो आणि चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाकडे जावं लागतं. देशातल्या देशातही, लोणारसारख्या अभयारण्यातून नमुने घ्यायला वनविभागाची परवानगी लागते. परवानगीला महिने लागू शकतात. पावसाळ्यातले नमुने हवे असतील आणि अर्ज जूनमध्ये केला, तर ते वर्ष हातचं गेलं असं समजा.

गाईड आणि पत्र

संस्थेच्या नावापेक्षा गाईड महत्त्वाचा. त्यांचे गेल्या पाच वर्षांतले लेख काढा आणि पहिलं नाव विद्यार्थ्याचं आहे का ते बघा. तिथल्या दोन विद्यार्थ्यांशी बोला, एक नवा आणि एक संपत आलेला. थेट विचारा: प्रबंध व्हायला किती वर्षं लागतात? सिक्वेन्सिंगचे पैसे कुठून येतात? बायोइन्फर्मेटिक्स शिकवणारं कुणी आहे का, की सगळं बाहेरच्या कंपनीकडून करून घेतात? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर "कंपनी अहवाल देते" असं आलं, तर तिथे तुम्हाला विश्लेषण शिकायला मिळणार नाही.

पत्राबद्दल एक खरा प्रसंग सांगते. ओळखीच्या एका मुलीनं चाळीसेक गाईडना "मला आपल्या संशोधनात अतिशय रस आहे" असं लिहिलं होतं. उत्तर एकाचंही आलं नाही. मग तिनं एकाच लेखाचा डेटा उतरवला आणि तीन आठवडे त्यावर बसली. नव्या पत्रात होतं ते एवढंच: "तुमच्या खाडीच्या गाळावरच्या लेखात हिवाळ्यातले दोन नमुने बाकीच्यांपासून वेगळे पडलेले दिसतात. मी तो डेटा पुन्हा चालवून पाहिला. त्या दोन नमुन्यांत रीड्स फार कमी आहेत. ते वगळल्यावरही ऋतूंमधला फरक टिकतो, पण कमी होतो. हा फरक तुम्ही कसा तपासला होता?" खाली तिच्या आलेखाचा दुवा आणि दोन ओळी स्वतःबद्दल. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं.

असं पत्र चाळीस जणांना पाठवता येत नाही. पाच-सहा जणांनाच लिहा. दोन आठवड्यांत उत्तर नाही आलं तर एकदा नम्रपणे आठवण करा.

मुलाखतीला तुमचा स्वतःचा आलेख सोबत न्या. कोऱ्या कागदावर वाढीचा वक्र काढायला लावतील, नियंत्रण नमुना का ठेवायचा ते विचारतील, पी मूल्याचा अर्थ विचारतील. येत नसेल तिथे "माहीत नाही, पण असं शोधेन" म्हणा आणि कसं शोधाल ते खरंच सांगा.

रुजू झाल्यावर पहिला महिना

माझ्या पहिल्या फेरीत आम्ही गाळाच्या 36 नळ्या भरल्या होत्या. नावं साध्या मार्करनं लिहिली होती. लॅबमध्ये येऊन हातमोज्यांवर आणि नळ्यांवर अल्कोहोल मारलं आणि 11 नळ्यांवरची शाई पुसली गेली. कुठला नमुना किती खोलीवरचा, हे सांगायला काहीच उरलं नाही. ती फेरी पुन्हा करायला पुढच्या वर्षापर्यंत थांबावं लागलं.

म्हणून पहिल्याच महिन्यात एवढं करा. थंडीत आणि अल्कोहोलमध्ये टिकणारी लेबलं मागवा आणि झाकण व नळी दोन्हींवर तोच क्रमांक घाला. प्रत्येक नमुन्याची तारीख, वेळ, अक्षांश-रेखांश, खोली, तापमान, सामू आणि क्षारता त्याच दिवशी एका तक्त्यात भरा. डीएनए काढताना दर वेळी एक रिकामी नळी, गाळ न घालता, सगळ्या पायऱ्यांतून न्या आणि तीही सिक्वेन्सिंगला पाठवा. किटमध्येच असलेला डीएनए फक्त तिच्यातच उघडा पडतो. उपचाराचे सगळे नमुने एका खेपेत आणि नियंत्रणाचे दुसऱ्या खेपेत असं कधीही करू नका, मिसळून पाठवा. आलेल्या मूळ फाइल्सच्या दोन प्रती दोन वेगळ्या जागी ठेवा आणि त्यांना फक्त वाचण्यापुरती परवानगी द्या. फरिदाबादला 2022 पासून भारतीय जैविक डेटा केंद्र सुरू झालं आहे. डेटा शेवटी तिथे किंवा एनसीबीआयला जमा करायचाच असतो आणि जमा करताना हाच तक्ता मागतात.